भिंतीकडची रांग

१

"मॅडम, ज्यांना विष टोचलं ते ससे मजेत घास खाताहेत. आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं, ते सगळे मेलेत!"

एस.टी. पारोळ्याच्या पुढे निघाली होती. मे महिना, खिडकीतून भट्टीसारखा वारा. हेमलता नेहेते यांना वाटलं, आपण उलटं ऐकलं. त्यांनी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"भदाणे सर, परत सांगा. कोण मेलं?"

"काहीच न दिलेले हो! नुसत्या मिठाच्या पाण्याचे! तुम्ही या लवकर. चोर तर मी धरलाय." आणि फोन बंद.

हेमलताबाई जळगावच्या. सगळी नोकरी गुरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. तोंडाने फटकळ, पण गाय अडली की रात्र असो वा रस्त्यात चिखल असो, बाई हजर. निवृत्तीनंतर धुळ्याच्या एका फार्मसी कॉलेजाने त्यांना प्राण्यांवरच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीवर घेतलं. काम काय, तर बैठकीत चहा-बिस्कीट, एक सही आणि परतीची गाडी. आजही तेवढंच होईल असं समजून त्या घरून निघाल्या होत्या.

प्राणिगृहाच्या दारातच त्या थबकल्या. आयुष्यभर मेलेली जनावरं पाहिलेली बाई, पण असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. समोरासमोर पिंजऱ्यांच्या दोन रांगा. दाराकडच्या रांगेतले पांढरे ससे कान हलवत लसूणघास चावत होते. भिंतीकडच्या रांगेतले सगळे आडवे, ओठ निळे पडलेले. पिंजऱ्यांतला काल संध्याकाळचा घास तसाच होता.

"अगं माय!" बाई पुटपुटल्या. "हे झालं तरी काय?"

त्यांच्यामागे उभी असलेली मुलगी हुंदका आवरत होती. प्रज्ञा बिऱ्हाडे, वरणगावची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार. घराण्यात पहिली डॉक्टरेट हिची व्हायची होती आणि तिचा सगळा अभ्यास या दोन रांगांवर उभा होता.

"सगळं सांग पोरी. आधी रड, मग सांग," बाई म्हणाल्या.

प्रज्ञाने डोळे पुसले. "जंतूंचं विष रक्तात गेलं की जनावर का कोसळतं, ते मी शोधतेय. दाराकडच्या रांगेला रोज कानाच्या शिरेतून त्या विषाचा अगदी थेंबभर अंश देते. फक्त ताप यावा एवढाच. भिंतीकडची रांग तुलनेसाठी. त्यांना नुसतं सलाईन. काल नवीन सलाईन काढलं, दोन्ही रांगांना दिलं. संध्याकाळी हे मलूल झाले, थरथरायला लागले. आणि आज सकाळी..." तिने भिंतीकडे बोट केलं.

२

प्राचार्य झुलाल भदाणे यांच्या खोलीत पंखा घरघरत होता. त्यांच्या डोक्यामागे मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'पाणी म्हणजे जीवन. थेंबही फेकू नका.' धुळ्यात नळ रोज येत नाही. आला की अख्खं गाव भांडी घेऊन धावतं. त्यामुळे ही पाटी कुणाला जास्तीची वाटत नसे. भदाणे सरांना तर ती फार प्रिय होती.

"यात शोधायचं काय आहे?" ते म्हणाले. "आपला बादल. ससे सांभाळणारा पावरा आदिवासी पोरगा. परवाच मला म्हणाला, सशांना असं टोचणं पाप शे म्हणून. मी झापला. राग धरून त्याने भिंतीकडच्यांच्या घासावर फवारणीचं औषध टाकलं, झालं! आणि वर चोरटा. नवीन सलाईनच्या दोन बाटल्या होत्या. एक आहे, दुसरी गायब. कॅमेऱ्यात दिसतंय, काल जाताना त्याच्या पिशवीतून बाटलीचं तोंड डोकावतंय. बाटली चोरणारा विष घालायला कचरेल का?"

"सलाईनच खराब असेल तर?"

सर हसले. "मॅडम, दाराकडच्यांचं विषही याच सलाईनमध्ये कालवतात. तेच पाणी, तीच बाटली. सलाईन खराब असतं तर दोन्ही रांगा गेल्या असत्या ना?"

बोलणं बिनतोड होतं आणि तेच बाईंना खटकत होतं.

"पोलिसांना कळवलंय. येतीलच दुपारनंतर," सर म्हणाले.

"मग तोवर मला माझं काम करू द्या," असं म्हणून बाई उठल्या.

प्रयोगशाळा सांभाळणारे हेमराज देवरे कपाळाला आठ्या घालूनच बसले होते. प्रज्ञाचं आणि त्यांचं गेले काही दिवस वाजत होतं, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

"विषाची कुपी माझ्या कुलपात असते," ते तडकून म्हणाले. "बघा, मोजून बघा, वहीतल्या नोंदीपेक्षा एक थेंब कमी नाही. ही पोरगी मलाच बोल लावते. म्हणे, तुमची कुपी जुनी झाली. आधी सशांना ताप चढायचा, आता तेवढंच विष देऊन चढत नाही, म्हणजे विष मेलं! नाचता येईना, अंगण वाकडं."

"ताप चढायचा थांबला?" बाईंनी विचारलं. "कधीपासून?"

"असेल चार-सहा दिवस. आणि सलाईन म्हणाल तर तेही चोख. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरच्या थोरल्या भावात, चांगलं शिजवून काढलंय. जंतू तपासायच्या बशीत घातलं, एक ठिपका उगवला नाही. अहो, मी स्वतः चमचाभर पिऊन पाहिलंय! बसलोय ना तुमच्यासमोर धडधाकट?"

बसले होते खरे.

३

बादलला भांडारघरात बसवून ठेवलं होतं. शिरपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याचा पोरगा. घरी पावरी बोलणारा, शहरात अहिराणीवर निभावणारा. त्याचा फोन सरांनी काढून घेतला होता. बाई आत आल्या तसा तो उभा राहिला. डोळे रडून लाल झाले होते.

"मॅडम, मी काही करं नही. दोन्ही रांगासले, बठ्ठासले एकच घास टाका मी. मन्हा हाते वाढेल ससा शेतस त्या!"

"मला पटतंय," बाई म्हणाल्या. "पण बाटली? ती कुठंय?"

दाराशी प्रज्ञा उभी होती. बादलने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान खाली घातली. प्रज्ञा खिडकीबाहेर बघत होती.

"अरे बोल बाबा! पोलीस आले की मी काही करू शकणार नाही."

"माले घर जाऊ द्या मॅडम," तो हात जोडून म्हणाला. "मनी बायको आजारी शे. गेंदा. जुलाब व्हयेल शेतस, उठता येत नही तिले. कंपाउंडर येनार शे दुपारले."

"बघा!" मागून सरांचा आवाज आला. "पकडला की बायको आजारी पडते. जुनी तऱ्हा!"

बाईंनी सरांकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागे सरले. पण बादलच्या तोंडून बाटलीबद्दल अक्षर निघालं नाही. बाई चडफडत बाहेर आल्या. खोटं बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. हा खोटं बोलत नव्हता, कुणाला तरी पाठीशी घालत होता. पण कुणाला, आणि का?

४

बाईंनी बाह्या सारल्या आणि एक मेलेला ससा उघडला.

फवारणीच्या औषधाचा वास नाही, तोंडाला फेस नाही, पोटात घास नेहमीसारखा. म्हणजे सरांचं विष गेलं वाऱ्यावर. मात्र फुप्फुसं पाण्याने जड, आतड्यांवर रक्त साकळलेलं, जागोजाग लाल ठिपके. बाईंचा हात थांबला. असं आतडं त्यांनी कासदाहात मेलेल्या म्हशींचं पाहिलं होतं, ज्यांच्या अंगभर जंतू भिनले होते. रक्तात जंतूंचं विष पसरतं, शिरा सैल पडतात, रक्ताचा दाब कोसळतो. सेप्टिक शॉक.

"पण जंतू कुठायत?" त्या स्वतःशीच चिडून म्हणाल्या. "बशी कोरी, कुपीतलं विष हिशेबात. मग हे जंतूंचं विष आलं कुठून? आभाळातून पडलं?"

त्या धपकन स्टुलावर बसल्या. हेमराजभाऊंना दया आली असावी. त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केलं.

"घ्या मॅडम, ताजं आहे. सकाळीच नळ आला. घरी तर आमच्या हिने सगळी शिळी भांडी उपडी केली, घासली, मग भरली. शिळ्यात ताजं घालायचं नाही, असा तिचा दंडक. आमच्या सरांना कळलं तर रागावतील तिला."

बाईंनी तांब्या तोंडाला लावला होता, तो तसाच खाली आला.

"सर का रागावतील?"

"पाणी फेकायचं नाही ना! अहो, सलाईनचं डिस्टिल्ड वॉटर काढणारं यंत्र गार ठेवायला नळाचं मोप पाणी लागतं. म्हणून ते नळ आला त्याच दिवशी चालतं. मग कॅनमध्ये साठवायचं. मागचं उरलं असेल तर त्यातच नवीन ओतायचं. सरांचा हुकूमच आहे, एक थेंब सांडता कामा नये."

"आणि तो कॅन घासता कधी?"

हेमराजभाऊ विचारात पडले. "रिकामा झाला की घासू. पण तो रिकामा होतो कुठे?"

"आत्ताच्या आत्ता दाखवा," बाई म्हणाल्या.

पांढरा मोठा कॅन खिडकीखाली, उन्हाच्या तिरिपेत ठेवला होता. पाणी कसं, आरशासारखं. बाईंनी झाकण काढलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि कडेवरून बोटं फिरवली. बोटं सर्रकन घसरली. आतून सगळीकडे शेवाळासारखं बुळबुळीत साचलं होतं.

"हात लावून बघा," त्या म्हणाल्या.

हेमराजभाऊंनी हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"बाप रे! हे काय?"

"विरजण," बाई म्हणाल्या. "दह्याच्या भांड्यात थोडं जुनं ठेवून नवं दूध घालतात ना? तुम्ही इथे जंतूंचं विरजण लावत होता. आधीचं सलाईन निभावलं, पण मे महिन्याच्या या उन्हात ते चढलं. बोलवा सगळ्यांना. बादललाही आणा."

५

सगळे सरांच्या खोलीत जमले. बादल दाराशी, प्रज्ञा कपाटाला टेकून. तिचा चेहरा उतरलेला होता.

"मॅडम, जंतू असतीलही कॅनमध्ये," सर म्हणाले. "पण सलाईन करताना सगळे शिजून मेले ना? बशी कोरी निघाली."

"मेले. हजारदा कबूल," बाई म्हणाल्या. "पण सर, मेलेला विंचू उकळत्या पाण्यात टाकला तर नांगी जाते का कुठे? या जंतूंचं विष त्यांच्या अंगाच्या सालीतच असतं. शिजवलं की जंतू मरतो, साल फुटते आणि विष पाण्यात मोकळं होतं. उकळून ते जात नाही. बशीत उगवतात जिवंत जंतू. मढी कशी उगवणार?"

"पण मी प्यायलो की!" हेमराजभाऊ ओरडले. त्यांचा हात आपोआप पोटावर गेला.

"पोटात गेलं तर शरीर जिरवतं. आपण रोज काय कमी जंतू गिळतो? पण शिरेतून थेट रक्तात गेलं की शरीर बिथरतं. चोर आला म्हणून गाव उठावं आणि अंधारात एकमेकांनाच बडवावं, तसं होतं. चोर तर केव्हाच मेलेला असतो. मरतं ते गाव."

सर खुर्चीत सरसावून बसले. "ठीक आहे. मग दाराकडची रांग का वाचली? ते सांगा!"

"तेच तर कोडं होतं," बाई म्हणाल्या. "आणि उत्तर हेमराजभाऊंनी मघाशीच दिलं, पण ते भांडण समजून मी सोडून दिलं. दाराकडच्यांना आधी ताप यायचा, मग यायचा थांबला. विष जुनं झालं नव्हतं, प्रज्ञा. ससे सरावले होते. रोज दाराशी येणाऱ्या माणसावर कुत्रं भुंकत नाही. थेंब थेंब घेऊन त्यांच्या शरीराला त्या विषाची सवय झाली. काल तेच विष भसकन जास्त आलं, तरी त्यांनी सोसलं. भिंतीकडच्यांना मात्र ते पहिल्यांदाच भेटलं. जे सरावलेले तेच वाचले. म्हणजे मारणारं विष त्याच जातीचं. घासातलं असतं तर या सवयीचा काय उपयोग झाला असता?"

सरांनी नकळत मागे वळून स्वतःच्या पाटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे," ते अडखळत म्हणाले, "हे माझ्या..."

"कुणी मुद्दाम केलं नाही," बाई म्हणाल्या. "ज्या गावात पाणी फेकणं पाप, त्या गावात ही चूक व्हायचीच. पण बादलला आता सोडा. उरला प्रश्न दुसऱ्या बाटलीचा. ससे गेले ते गेले. पण ती कुणाच्या शिरेत गेली तर..."

त्या बोलता बोलता थांबल्या. आजारी बायको. जुलाब. उठता येत नाही. दुपारी कंपाउंडर. अंगात त्राण नसलं की आपल्याकडे माणूस काय म्हणतो? एक सलाईन चढवा, बरं वाटेल. पहिली मागणीच ती.

बाईंनी बादलकडे पाहिलं. तो अजूनही मान खाली घालून उभा होता. एवढं सगळं शहरी मराठी त्याला कितपत समजलं, कोण जाणे.

कपाटाजवळून किंकाळीसारखा आवाज आला.

"मॅडम, बाटली मी दिली!"

प्रज्ञा पुढे आली. "काल तो रडत होता. गेंदाला सलाईन लावायचंय म्हणाला, विकत घ्यायला जवळ काही नाही. मला वाटलं, मी स्वतः शिजवून, बूच लावून बंद केलंय. बाजारच्यापेक्षा चांगलं. मीच पिशवीत घातलं. सकाळपासून बोलायला धजत नव्हते. कॉलेजची वस्तू दिली म्हणून माझं काम बंद करतील, या भीतीने..."

"अगं, ते मग बोल!" बाई केव्हाच दाराबाहेर होत्या. "बादल! घर कुठंय तुझं? पळ!"

६

कॉलेजच्या मागच्या भिंतीला एक खिंडार आणि त्यापलीकडे वस्ती. ऊन असं की पायाखालची माती चपलेतून भाजावी. पुढे बादल, त्याच्यामागे प्रज्ञा, आणि साठी उलटलेल्या हेमलताबाई पदर खोचून धापा टाकत. मागून सर आणि हेमराजभाऊही आले होते. का पळायचं ते बादलला कुणी सांगितलं नव्हतं. पण तो वाऱ्यासारखा सुटला होता.

खोलीत अंधार होता. बाजेवर गेंदा पडलेली, गालफडं बसलेली. वर खुंटीला काचेची बाटली टांगलेली. कंपाउंडरने नळी जोडली होती आणि तो तिचा दंड घट्ट आवळून शीर शोधत होता. गेंदा उरल्यासुरल्या ताकदीने हात ओढून घेत होती.

"केव्हाची हटून बसलीय," कंपाउंडर वैतागून म्हणाला. "म्हणे, नवरा आल्याशिवाय सुई टोचू देणार नाही. आता आलाय ना तो? धर रे हिचा हात."

बादल खरंच पुढे झाला. त्याने गेंदाचा हात हातात घेतला.

"सोड!" बाई दारातूनच ओरडल्या. "सुई खाली ठेव आधी! खबरदार टोचलीस तर!"

त्यांनी खुंटीवरची बाटली ओढून काढली, नळी उपसून फेकली आणि बाहेर जाऊन बूच काढून बाटली उलटी केली. स्वच्छ, नितळ पाणी धुळीत सांडू लागलं. तिथे बसलेली बादलची आई धनीबाई लगबगीने उठली आणि तिने सवयीने घमेलं पुढे सरकवलं.

"फेकू नको वं बाई, पानी शे ते!"

प्रज्ञाने झडप घालून ते घमेलं बाजूला केलं आणि तिथेच मटकन बसून ती ओक्साबोक्शी रडू लागली.

बाईंनी आत येऊन गेंदाची नाडी पाहिली. जलद होती, पण लागत होती. "गाडी काढा सर, सरकारी दवाखान्यात न्यायचंय. आणि तोवर हिला साखर-मिठाचं पाणी पाजा, तोंडाने, घोट घोट." भदाणे सर गाडीकडे धावले. जाता जाता त्यांनी फोन कानाला लावून पोलिसांना येऊ नका म्हणून सांगितलं.

मग बाईंनी बादलला सगळं समजावलं. अहिराणीत, सोपं करून. पाण्यात काय होतं, ससे कशाने गेले, आणि ही सुई आत गेली असती तर काय झालं असतं. तो ऐकत राहिला. गेंदाचा हात त्याने दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता.

"अरे वेड्या, सकाळीच का नाही सांगितलंस?" बाई कळवळून म्हणाल्या. "प्रज्ञाने दिली, एवढं एक वाक्य! तिथेच मला सगळं कळलं असतं."

"ताईनी दया करी मन्हावर," बादल म्हणाला. "तिनं नाव कसं लेऊ?"

गाडी आली. गेंदाला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. बादल आत बसता बसता थांबला आणि मागे वळला. प्रज्ञा दाराशी रिकामी बाटली हातात धरून उभी होती. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. त्याला फक्त काहीतरी खरंच कळत नव्हतं.

"ताई," त्याने विचारलं, "पानी उकाळेल व्हतं ना?"

प्रज्ञाने हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं.

"हो रे," ती म्हणाली. "उकळलेलं होतं."